रूळ निराळे, गाठ एकच

मूर्तिजापूर स्थानकावरील मालवाहतुकीचा व्यवहार ज्यांनी पाहिला असेल, त्यांना इंटरनेटचे मूलतत्त्व समजावून सांगण्यास फारसे कष्ट पडू नयेत. मुंबई–नागपूर मुख्य मार्गावरील हे स्थानक ब्रॉडगेजचे. परंतु विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात येथून नॅरोगेजचे दोन फाटे फुटले. एक उत्तरेस अचलपूरकडे, दुसरा दारव्ह्यावरून यवतमाळकडे. दोन्ही मिळून लांबी सुमारे १९० किलोमीटर. वऱ्हाडात शकुंतला या लाडक्या नावाने ओळखली गेलेली गाडी ती हीच. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही मालमत्ता, आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराच्या वाटेला लावणे हे तिचे मुख्य प्रयोजन. या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर, तर मुख्य मार्गावर ते १,६७६ मिलिमीटर. साहजिकच अचलपूर किंवा दारव्हा येथे भरलेला डबा मूर्तिजापूरच्या पुढे एक पाऊलही जाऊ शकत नसे. गाठी उतरवायच्या, हमालांनी त्या वाहून न्यायच्या आणि मोठ्या गाडीच्या डब्यात पुन्हा रचायच्या, हा तेथील नित्यक्रम झाला.

मूर्तिजापूरच्या पश्चिमेस अकोला. तेथे तिसरेच माप होते. खांडव्याहून अकोल्यामार्गे पूर्णेकडे जाणारा मार्ग मीटरगेजचा, म्हणजे रुळांत १,००० मिलिमीटर अंतर ठेवणारा. तीन मापांचे रूळ एकाच अकोला जिल्ह्यात नांदत होते आणि त्यांतील कोणत्याही दोहोंची गाडी परस्परांच्या रुळांवर चालत नव्हती. हे कुणी मुद्दाम घडवून आणले नव्हते. ज्याने ज्या वेळी ज्या पैशात जो मार्ग बांधला, त्याने त्या वेळी परवडेल ते माप घेतले, इतकेच. जाळी नेहमी अशीच वाढतात. आधी तुकडे तयार होतात. ते जोडण्याचा विचार मागाहून येतो.

तुकडे जोडण्याचे दोनच मार्ग असतात. सर्व रूळ एका मापाचे करणे, हा पहिला. भारतीय रेल्वेने १९९२ पासून तो धडाडीने अंगीकारला. अकोला–पूर्णा मार्ग २००८ मध्ये रुंद झाला, अकोला–अकोट मार्ग २०२२ मध्ये. अकोटच्या पुढे मात्र मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून जाणारा जुना मार्ग रुंद करावा की वळवून बाहेरून न्यावा, या वादात काम रेंगाळले. शकुंतलेची चाके तर गेली काही वर्षे थांबलेलीच आहेत. एका मापाचा मार्ग उत्तम खरा. परंतु त्यासाठी जुने सर्व उखडावे लागते, त्याचा खर्च प्रचंड असतो आणि काम होईपर्यंत त्या भागातील माणसे गाडीवाचून राहतात.

दुसरा मार्ग व्यापाऱ्यांनी पूर्वीच काढला होता. रूळ एका मापाचे नव्हते, पण गाठ एका मापाची होती. प्रेसिंगमध्ये दाबून, पट्ट्यांनी आवळून, वर खूण घालून बाहेर पडलेली रुईची गाठ बंडीत, नॅरोगेजच्या डब्यात, मोठ्या मालगाडीत आणि जहाजात सारखीच राही. वाटेतल्या हमालाला आतली रुई कोणत्या शेतातली हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने खूण वाचावी आणि गाठ पुढच्या वाहनावर चढवावी. इंटरनेटच्या आद्य रचनाकारांनी जो निर्णय घेतला तो थोडक्यात हाच होता. त्यांनी रुळांना हात लावला नाही. गाठीचे माप आणि तिच्यावरील खुणेची जागा तेवढी ठरवून दिली. या एका निर्णयाचे बरेवाईट परिणाम आज अमरावतीच्या बँकेतील लिपिकापासून अकोल्याच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यापर्यंत प्रत्येकाच्या वाट्यास आले आहेत. म्हणून त्याचा इतिहास केवळ अभियंत्यांवर सोपवून चालणार नाही.

अमेरिकेतील आरंभ

ऑक्टोबर १९६९ मध्ये अकोल्यास पंजाबराव कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. त्याच महिन्याच्या २९ तारखेस अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील संगणकाने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकास तारेवरून पहिला संदेश पाठवला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून उभे राहिलेले हे आर्पानेट. काही वर्षांतच त्याच्याशेजारी आणखी जाळी उभी राहिली. एक बिनतारी लहरींवर चालणारे, एक उपग्रहावरून अटलांटिक ओलांडणारे. प्रत्येकाचा वेग निराळा, माहितीच्या तुकड्याचे कमाल माप निराळे आणि चुका होण्याचे प्रमाणही निराळे. संगणकशास्त्रातले मूर्तिजापूर स्थानक ते हेच.

मे १९७४ मध्ये व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. फ्रान्समध्ये लुई पूझँ यांनी सिक्लाद या जाळ्यावर जे प्रयोग केले होते त्यांचे ऋण या विचारावर आहे. पाठ्यपुस्तके ते सांगण्यास बहुधा विसरतात. निबंधाचे सार असे. कोणत्याही जाळ्याने आपली अंतर्गत व्यवस्था बदलण्याची गरज नाही. दोन जाळ्यांच्या सीमेवर एक द्वारयंत्र ठेवावे. त्याने पॅकेटवरील पत्ता वाचावा, पुढच्या जाळ्याच्या वेष्टनात ते पॅकेट घालावे आणि सोडून द्यावे. आत काय आहे हे त्याने पाहू नये. पॅकेट वाटेत हरवले तर ते पुन्हा पाठवण्याची जबाबदारी वाटेतल्या यंत्रांची नाही. ज्याने पाठवले आणि ज्याला हवे आहे त्या दोन टोकांच्या संगणकांची ती आहे.

शेवटची अट वरवर बेजबाबदारपणाची वाटते. टपाल खात्याने पत्र पोचवण्याची हमी घेऊ नये, असे म्हणण्यासारखेच हे. परंतु वाटेतल्या यंत्राने हमी घ्यायची म्हणजे प्रत्येक गाठीची नोंद ठेवायची, पावती मागायची, ती येईपर्यंत माल अडवून ठेवायचा. आणि ते यंत्र बंद पडले तर सर्व नोंदी बुडाल्या. वऱ्हाडचा अडत्या आपल्या मालाचा हिशेब आपल्या दुकानातल्या वहीत ठेवी, स्थानकावरच्या हमालाकडे नव्हे. १९७८ मध्ये या दोन कामांची रीतसर फाळणी झाली. गाठ आणि तिच्यावरील पत्ता यांचे नियम एका प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे आयपीमध्ये गेले. पावती, क्रम आणि फेरपाठवणी यांचे नियम दुसऱ्यात, म्हणजे टीसीपीमध्ये. प्रोटोकॉल म्हणजे तरी काय, परस्परांस न ओळखणाऱ्या यंत्रांनी आधीच मान्य करून ठेवलेला व्यवहाराचा संकेत. नोव्हेंबर १९७७ मध्येच कॅलिफोर्नियातील एका धावत्या गाडीतून निघालेली पॅकेटे बिनतारी, उपग्रह आणि तार अशा तीन जाळ्यांतून समुद्रापार जाऊन परतली होती. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटवरील सर्व संगणकांनी जुना संकेत टाकून नवा स्वीकारला. त्याच वर्षाच्या १ मे रोजी अमरावती विद्यापीठ नागपूरपासून वेगळे होऊन अस्तित्वात आले. त्या दिवशी या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध लागेल, असे कुणाच्या स्वप्नातही आले नसेल.

येथे रेल्वेची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते, हे सांगणे प्राप्त आहे. मूर्तिजापुरास गाठ चढवण्या-उतरवण्यात मजुरी जाई, वेळ जाई, पावसाळ्यात रुई भिजे. माप बदलण्याचा खर्च तेथे दर गाठीमागे कायमचा होता, म्हणूनच अखेर रूळ एक करणे रेल्वेला भाग पडले. संगणकाच्या द्वारयंत्रात मात्र हाच खर्च दर दोन-तीन वर्षांनी घसरत शून्याकडे गेला. सर्फ आणि कान यांची निवड केवळ बुद्धीने नव्हे, तर या घसरत्या खर्चाच्या पाठिंब्याने टिकली, असे अर्थशास्त्राच्या दृष्टीने म्हणावे लागते.

सरकारमान्य संकेताचा पराभव

ही निवड त्या काळी सर्वमान्य होती असे समजण्याचे कारण नाही. टेलिफोन खाती तर तिच्या सरळ विरोधात होती. त्यांच्या संघटनेने १९७६ मध्ये एक्स.२५ हा आपला संकेत जाहीर केला. त्यात हमी जाळ्याची, हिशेब जाळ्याचा आणि अर्थातच आकारणीही जाळ्याची. पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ मध्ये सात थरांचा आदर्श आराखडा मांडला. सरकारे त्याच्या बाजूची होती. खुद्द अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९८८ मध्ये आपल्या खात्यांना हाच मार्ग धरण्याचा आदेश काढला. आणि तरीही दहा वर्षांच्या आत मैदान टीसीपी-आयपीने मारले.

याचे कारण तांत्रिक श्रेष्ठतेत शोधणे व्यर्थ आहे. सात थरवाल्यांची पत्त्यांची योजना तर प्रतिस्पर्ध्याहून कितीतरी ऐसपैस होती. कारण साधे आहे. १९८३ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठाने आपल्या युनिक्स प्रणालीत टीसीपी-आयपीची तयार आज्ञावली घालून ती विद्यापीठांना अल्प मोलात उपलब्ध करून दिली. समित्यांमध्ये मसुदे फिरत होते त्या काळात इकडे संगणक जोडले जात होते. आणि ज्या जाळ्यात अधिक माणसे आहेत त्यातच नव्या माणसाला जाणे फायद्याचे असते. टेलिफोन ज्याच्या घरी आला त्याला हे कुणी शिकवावे लागत नाही. संगणकशास्त्राचे आपले विद्यार्थी आजही परीक्षेसाठी सात थरांची नावे क्रमाने पाठ करतात, आणि उत्तरपत्रिका देऊन बाहेर पडल्यावर खिशातून जे यंत्र काढतात त्यात त्या सातांपैकी दोन थर निराळे असे सापडत नाहीत. अभ्यासक्रम मंडळांनी यावर कधीतरी विचार करावा.

भारतात या लढ्याचे प्रतिबिंब स्पष्ट पडले. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने एर्नेट हे शैक्षणिक जाळे सुरू केले. मुंबईच्या जुहू येथील एनसीएसटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि दिल्लीतील खुद्द विभाग असे आठ सहभागी. एनसीएसटीचे संचालक डॉ. श्रीनिवासन रमाणी यांचा यात मोठा वाटा. आणि देशाबाहेरचे दार बराच काळ मुंबईच्या याच संस्थेत होते. एर्नेटच्या चालकांनी शहाणपणाने दोन्ही संकेत एकाच तारेवर चालवले. सरकारी धोरण सात थरांचे, विद्यापीठांचा व्यवहार टीसीपी-आयपीचा. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापर्यंत वाहतूक जवळजवळ सगळीच दुसऱ्या बाजूस गेली. वेग किती? १९९१ च्या सुमारास दिल्ली–मुंबई भाड्याच्या तारेवर सेकंदाला ९,६०० बिट. आज फोनवर काढलेले एक साधे छायाचित्र त्या तारेवरून जाण्यास पाऊण तास लागला असता.

याच सुमारास राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने निकनेट हे दुसरे जाळे उभारण्यास घेतले. जिल्ह्याजिल्ह्याच्या मुख्यालयी उपग्रहाची लहान तबकडी आणि दिल्लीस मोठे केंद्र, असा त्याचा आराखडा. जिल्ह्याची आकडेवारी वर जावी, वरचा आदेश खाली यावा, हे त्याचे प्रयोजन. शासनाला हवे ते काम त्याने चोख केले, यात संशय नाही. परंतु दोन रचनांमधील फरक पाहण्यासारखा आहे. एकीत प्रत्येक टोक दुसऱ्या कोणत्याही टोकाशी बरोबरीच्या नात्याने बोलते. दुसरीत दोन शेजारी जिल्ह्यांची गाठही दिल्लीच्या आकाशातून पडते. पुढे निकनेटनेही टीसीपी-आयपीच स्वीकारले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी जी सेवा सुरू केली, तिच्यात तर दुसरा पर्यायच नव्हता.

मधल्यांनी गाठ उघडू नये, या तत्त्वाचा सर्वांत मोठा लाभ असा, की नवा उपयोग शोधणाऱ्याला जाळ्याच्या मालकाची परवानगी घ्यावी लागली नाही. १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी वेब लोकांसमोर ठेवले तेव्हा एकाही टेलिफोन खात्यास त्यांनी अर्ज केला नव्हता. रेल्वेची पद्धत याच्या उलट आहे. तेथे मालाचे वर्ग पाडलेले असतात. कोळशाला एक भाडे, सिमेंटला दुसरे, धान्याला तिसरे. आत काय आहे हे पाहूनच भाडे ठरते. जाळ्यांचे मालक हीच पद्धत इंटरनेटवर आणू पाहतात, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अनपेक्षित नाही. काही ठरावीक संकेतस्थळे फुकट आणि बाकीची पैसे मोजून, अशी योजना भारतात आली तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून दर लावण्यास मनाई केली. १९७४ च्या निबंधातील एक तांत्रिक कलम बेचाळीस वर्षांनी दिल्लीत दरनियमन होऊन आले. फुकट मिळणारे गरिबाने का नाकारावे, हा त्या वेळचा प्रतिवाद क्षुल्लक नव्हता. पण फुकटची यादी कुणी करायची, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या प्रतिवादाकडे नव्हते.

आरंभीचे ऋण

आता दुसरी बाजू. १९८८ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी या प्रोटोकॉलमागील उद्दिष्टांची क्रमवार यादी लिहिली. जाळ्याचा काही भाग नष्ट झाला तरी दळणवळण टिकावे, हे अग्रस्थानी. खर्चाची काटकसर पाचव्या स्थानी. कुणी किती साधने वापरली याचा हिशेब सर्वांत शेवटी, सातव्या स्थानी. सुरक्षितता तर यादीत वेगळी नव्हतीच. संरक्षण खात्याच्या पैशात, एकमेकांना ओळखणाऱ्या काही शे संशोधकांसाठी केलेल्या रचनेचा हा क्रम होता. व्यापारी जाळ्याने सुरुवात केली असती तर यादी बहुधा उलटी लिहिली गेली असती. आज बँकेच्या नावाने येणारा खोटा निरोप, पाठवणाऱ्याचा न लागणारा ठाव, यांचे मूळ काही अंशी या क्रमात आहे. नंतर आलेली कुलुपे सर्व टोकांना बसवली गेली. पायात ती नव्हती.

ऑक्टोबर १९८६ मध्ये या रचनेची पहिली कठोर परीक्षा झाली. कॅलिफोर्नियात बर्कले येथे अवघ्या चारशे यार्डांवरील दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. पॅकेटे अडली की प्रत्येक टोक ती पुन्हा पाठवी, त्यामुळे गर्दी आणखी वाढे. हंगामात बाजार समितीच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागावी आणि मागच्या प्रत्येकाने आणखी एक गाडी मागवावी, तसे. तेव्हा मध्ये पोलीस बसवण्याचा मोह सहज झाला असता. व्हॅन जेकबसन यांनी उपाय टोकांनाच शिकवला: पॅकेट हरवले की गर्दी झाली असे समजावे, पाठवणे एकदम निम्मे करावे आणि मग हळूहळू वाढवत न्यावे. पुष्कळ फेरफार होऊनही जगातील वाहतुकीचा मोठा भाग आजही या आत्मसंयमाच्या धर्तीवर चालतो. तो पाळला नाही तर शिक्षा करणारा कुणी नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे नवल अधिक वाटते.

पत्त्यांच्या बाबतीत मात्र आरंभीची चूक अशी सहज निस्तरता आली नाही. १९७४ च्या निबंधात जाळ्याच्या क्रमांकासाठी केवळ आठ बिट राखले होते. म्हणजे जगात २५६ जाळी. नजीकच्या काळाला एवढी पुरेत, असा लेखकांचा अंदाज होता. पुढे सबंध पत्त्यासाठी ३२ बिट ठरले. त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते निघतात. प्रयोगापुरते हे पुष्कळ आहेत, असे आपल्याला वाटले होते आणि तो प्रयोग कधी संपलाच नाही, अशा आशयाचे सर्फ यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. पृथ्वीवर आज आठशे कोटींहून अधिक माणसे आहेत. एकट्या भारतात १४० कोटींहून अधिक. आणि जे पत्ते होते तेही आधी आला त्याला मिळाले. अमेरिकेतील एकेका विद्यापीठाला, एकेका कंपनीला प्रत्येकी पावणेदोन कोटींच्या आसपास पत्त्यांचा गट मिळाला. एर्नेटला, म्हणजे भारताच्या सगळ्या उच्चशिक्षणाला, नव्वदीच्या आरंभी जो गट मिळाला तो ६५,५३६ पत्त्यांचा होता. जमिनीच्या पहिल्या बंदोबस्तात ज्याचे नाव लागले त्याचे लागले, असा हा प्रकार. जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला.

टंचाईवर १९९४ मध्ये एक तात्पुरता उपाय निघाला होता. एका वाड्यात पन्नास बिऱ्हाडे, पण टपालासाठी पत्ता एकच. दाराशी एक दिवाणजी. आतून कुणी पत्र पाठवले तर दिवाणजी नोंद ठेवतो आणि उत्तर आले की त्या बिऱ्हाडात नेऊन देतो. मात्र बाहेरून कुणी आपण होऊन पत्र धाडले तर ते कुणाचे हे त्याला कळत नाही, आणि तो ते टाकून देतो. हा तात्पुरता उपाय तीस वर्षे टिकला आहे. भारतात उशिरा आलेल्या कोट्यवधी ग्राहकांना अशाच वाड्यात जागा मिळाली. याचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. जुन्या रचनेत प्रत्येक संगणक देणाराही होता आणि घेणाराही. वाड्यातला संगणक घेणारा झाला. अकोल्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने स्वतःच्या यंत्रावर चार लोकांना उपयोगी पडेल असे काही मांडायचे म्हटले, तर त्याला ते कुणा मोठ्या कंपनीच्या यंत्रावर भाड्याने न्यावे लागते. मध्यस्थांची आजची सत्ता केवळ पत्त्यांच्या टंचाईने आली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. भांडवल, जाहिरात, ग्राहकाची सोय ही कारणे आहेतच. पण टंचाईने त्या सत्तेचा रस्ता साफ केला, एवढे निश्चित.

माहितीच्या वाहतुकीची वाटही अशीच लांबची झाली होती. एका भारतीय सेवादाराकडून दुसऱ्याकडे जाणारे पॅकेट पुष्कळदा परदेशात जाऊन परत येई, कारण दोघांची भेट तेथेच होत असे. वऱ्हाडच्या कापसाने लँकेशायरला जावे आणि कापड होऊन परत यावे, हा व्यवहार ज्या प्रदेशाने पाहिला आहे त्याला यात नवे काही वाटू नये. २००३ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था निघाली ती देशातल्या गाठी देशातच बदलून घेण्यासाठी.

आद्य प्रोटोकॉलची छाप ओळखायची असेल तर २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय ही देयव्यवस्था पाहावी. बँकांच्या अंतर्गत प्रणाली निरनिराळ्याच राहिल्या. त्यांच्यामध्ये एक पातळ सामायिक संकेत आणि वाचता येईल असा पत्ता तेवढा ठरला. अमरावतीच्या इतवारा बाजारातला भाजीवाला एका बँकेचा, गिऱ्हाईक दुसरीचे, फोनवरचे ॲप तिसऱ्याच कंपनीचे, आणि व्यवहार काही क्षणांत पुरा होतो. सर्फ-कान यांची युक्ती येथे ओळखू येते. फरक एवढाच, की यूपीआयची प्रत्येक गाठ एका मध्यवर्ती केंद्रातून जाते आणि तेथे तिची नोंद होते. पैशाच्या व्यवहारात हिशेब सातव्या स्थानी ठेवता येत नाही, म्हणून हे समर्थनीय आहे. परंतु केंद्र अडले की सगळा बाजार अडतो, ही त्याची किंमत. आणि आरोग्य, शिक्षण, व्यापार यांची नवी सार्वजनिक जाळी जेव्हा याच नमुन्यावर बेतली जातात, तेव्हा प्रत्येक ठिकाणी ती किंमत खरोखरच द्यावयास हवी का, हे विचारले जात नाही.

राहिला नव्या पत्त्यांचा प्रश्न. १२८ बिटांचा नवा संकेत, आयपीव्ही६, १९९५ मध्येच लिहून झाला. त्यात पत्त्यांचा तुटवडा कधी पडेल ही कल्पनाही करवत नाही. मात्र रचनाकारांनी त्याची गाठ जुन्या गाठीशी जुळती ठेवली नाही. ज्यांनी गाठ एक ठेवून सारे जिंकले, त्यांनीच पुढच्या पिढीस दुसऱ्या मापाची गाठ दिली, आणि मूर्तिजापूरचा फलाट पुन्हा उभा राहिला. बरीच वर्षे जगाने तिच्याकडे जवळजवळ पाठ फिरवली. जुने पत्ते ज्यांच्याजवळ भरपूर होते त्यांना घाई नव्हती. भारताजवळ ते नव्हते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या जाळ्याने फोनना नवे पत्ते दिले, इतरांना मागून यावे लागले, आणि आज निम्म्याहून कितीतरी अधिक भारतीय वापरकर्ते नव्या पत्त्यांवर पोचले आहेत. या बाबतीत आपण जगातील आघाडीच्या देशांत आहोत. पत्ता मिळाला म्हणजे दार उघडले असे मात्र नाही. फोनसेवा देणाऱ्या कंपन्या बाहेरून येणारी पॅकेटे सुरक्षिततेच्या कारणास्तव बहुधा अडवतातच. म्हणजे बिऱ्हाडाला स्वतंत्र पत्ता आला, दिवाणजी तसाच बसून आहे. तो कुणाच्या सांगण्यावरून बसावा, कंपनीच्या की ग्राहकाच्या, हा प्रश्न नियामकापुढे अजून रीतसर आलेला नाही.

१९८३ साली एका दिवसात संकेत बदलता आला, कारण बदलायची यंत्रे शेकड्यांनी मोजण्याजोगी होती. आता तशी तारीख कुणी जाहीर करू शकत नाही. महाविद्यालयाचे ग्रंथालय असो, जिल्हा बँकेची शाखा असो, दोन्ही मापांच्या गाठी हाताळणारी यंत्रे पुढील कित्येक वर्षे जवळ बाळगावी लागतील, आणि त्यांचा दुहेरी खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात कोणत्या ना कोणत्या शीर्षाखाली दिसत राहील.